सूर्याच्या दुर्बिणीची पारख

रात्रीची दुर्बीण पारखायची तर एक तेजस्वी तारा पुरतो. तो फोकसच्या थोडा आत-बाहेर करून पाहिला, की भिंगाची किंवा आरशाची बरीचशी कुंडली समोर येते. सूर्याच्या दुर्बिणीला ही सोय नाही. इथे बिंदूसारखा तारा नसतो, असते ती अर्ध्या अंशाची झगझगीत थाळी, आणि तिच्यावरचे चित्र दर काही मिनिटांनी बदलते. शिवाय पाहायचे भर उन्हात, जमीन तापून हवा उकळत असताना. त्यामुळे समोर दिसणाऱ्या दोषातला सूर्याचा भाग किती, हवेचा किती, फिल्टरचा किती आणि पाहणाऱ्याचा किती, हे वेगळे काढणे हेच खरे कौशल्य ठरते.

हा प्रश्न आज पूर्वीपेक्षा जास्त जणांसमोर आहे. सौरचक्र २५ कमाल टप्प्यावर पोहोचल्याचे ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाले. त्याच वर्षी १० आणि ११ मेच्या सौरवादळात लडाखमधील हानले येथून आकाशातील लालसर अरोरा टिपला गेला. ‘आदित्य-एल१’ने सूर्य घराघरांत पोहोचवला. शाळा, महाविद्यालये आणि हौशी खगोलमंडळे सौरदुर्बीण घेण्याचा विचार करू लागली, आणि पहिला प्रश्न हमखास येऊ लागला: कोणती चांगली? तो प्रश्न जरा बदलून विचारावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जाहिरातीतल्या आकड्यांवरून सौरदुर्बीण फारशी कळत नाही. हातात असलेल्या एका नगाची पारख करावी लागते. खोडी प्रत्येक नगात असतात. त्या माहीत असलेली दुर्बीण विश्वासाची, आणि न तपासलेली कितीही महाग असली तरी बिनभरवशाची.

आधी डोळे

गुणवत्तेची पहिली कसोटी सुरक्षितता हीच. दुर्बीण सूर्यप्रकाश एका ठिपक्यात गोळा करते, आणि डोळ्याच्या पडद्याला वेदना जाणवत नसल्याने इजा होताना कळतही नाही. म्हणून फिल्टर दुर्बिणीच्या तोंडाशी हवा, प्रकाश आत शिरण्याआधी. जुन्या लहान दुर्बिणींबरोबर नेत्रिकेत बसवायची काळी काच मिळत असे. ती नेमकी उष्णता एकवटते त्या जागी बसते आणि तापून तडकू शकते. अशी काच कुठे सापडली तर ती कुणाला देऊ नये, फोडून टाकावी.

डोळ्यांनी पाहण्यासाठी फिल्टरने एक लाखात एकच भाग प्रकाश आत सोडावा, ही घनता ५. घनता ३.८ ची फिल्म कॅमेऱ्यासाठी असते, ती डोळ्यांसाठी नाही. दोन्ही दिसायला सारख्याच चंदेरी असल्याने मंडळाच्या कपाटात त्यांची अदलाबदल होऊ शकते. दोन्हींवर ठळक अक्षरांत लिहून ठेवावे. वापरण्यापूर्वी फिल्म प्रखर दिव्यासमोर धरून बारीक छिद्रे आहेत का ते पाहावे, फिल्टर वाऱ्याने उडणार नाही असा घट्ट बसवावा आणि शोधक दुर्बिणीवर झाकण लावावे किंवा ती काढूनच ठेवावी. मुले रांगेत उभी असताना हात तिकडेच जातो.

पांढऱ्या प्रकाशातला सूर्य

सूर्याचा नेहमीचा पृष्ठभाग, म्हणजे दीप्तिगोल, पाहायला साध्या दुर्बिणीवर फिल्म किंवा काचेचा फिल्टर पुरतो. अपवर्तक दुर्बिणीला हर्शेल वेजही लावता येते. त्यातील लोलकाच्या पृष्ठावरून प्रकाशाचा जेमतेम ५ टक्के भाग परावर्तित होऊन डोळ्याकडे येतो, आणि तोही पुढे आणखी गडद फिल्टरमधून गाळावा लागतो. उरलेली उष्णता मागच्या बाजूने बाहेर पडते, म्हणून तो भाग तापतो. चित्र मात्र फिल्मपेक्षा सहसा अधिक रेखीव मिळते.

इथल्या परीक्षेत रंगाला महत्त्व देऊ नये. कुठल्या फिल्टरमधून सूर्य नारिंगी दिसतो, कुठल्यातून पांढरा, कुठल्यातून किंचित निळसर. तो फिल्टरचा रंग, सूर्याचा नव्हे. पाहायचे ते डागाच्या गडद गाभ्याभोवतालची फिकट झालर तंतुमय दिसते का, कडेजवळ फॅक्युलींचे उजळ धागे दिसतात का, आणि थाळीच्या कडेला लागून असलेले आकाश खरोखर काळे आहे का. ते राखाडी दिसले तर प्रकाश विखुरतो आहे: फिल्टरवर धूळ आहे, भिंगावर बुरशी आहे किंवा फिल्टरच सुमार आहे. कडेकडे सूर्य मंदावतो ते मात्र नैसर्गिक आहे. नवा निरीक्षक त्यालाच दुर्बिणीचा दोष समजतो.

फिल्मबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. तिच्यावर सुरकुत्या दिसल्या की लोक ती ताणून बसवतात. ही फिल्म सैलच राहिली पाहिजे. हलक्या सुरकुत्यांनी चित्र बिघडत नाही, ताणल्याने बिघडते.

छिद्राच्या मोठेपणाचा हिशेबही इथेच समजून घ्यावा. सूर्यावर १ विकला म्हणजे सुमारे ७२५ किलोमीटर. दीप्तिगोलावरचे कण साधारण हजार ते दीड हजार किलोमीटरचे, म्हणजे दोन विकलांच्या आसपास. ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीला ते जेमतेम जाणवतात. १०० मिलिमीटरची दुर्बीण स्थिर हवेत ते सहज दाखवू शकते. त्यापुढे मात्र दिवसाची हवा आडवी येते.

एका रेषेचा प्रकाश

सौरनिरीक्षणाची खरी मौज आणि पारखण्यातली खरी अडचण सुरू होते ती हायड्रोजन-अल्फा दुर्बिणीपाशी. ६५६.२८ नॅनोमीटरच्या या लाल रेषेत दीप्तिगोलाच्या वरचा वर्णगोल दिसतो: कडेवर उठलेले प्रॉमिनन्स, थाळीवर काळ्या दोरीसारखे पडलेले फिलामेंट, डागांभोवतीचे भोवरे, आणि नशीब असेल तर उफाळती सौरज्वाला.

या मार्गाची सुरुवात भारतातच झाली. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सेन यांनी गुंटूर येथून प्रॉमिनन्सचा वर्णपट पाहिला. तिथल्या रेषा इतक्या तेजस्वी होत्या, की ग्रहणाशिवायही त्या दिसतील असे त्यांना वाटले आणि दुसऱ्याच दिवशी त्या दिसल्या. नॉर्मन लॉकयर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून स्वतंत्रपणे हेच साधले. प्रॉमिनन्सच्या याच अभ्यासातून पुढे आलेल्या हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. लॉकयर विजयदुर्गाला आले होते हे खरे, पण ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. एकाच रेषेच्या प्रकाशात सूर्य पाहता येतो, हे ज्ञान त्याच्या तीस वर्षे आधीचे.

पुढे एकाच तरंगलांबीत सूर्याचे पूर्ण चित्र घेणारा स्पेक्ट्रोहेलिओग्राफ आला, १९३० च्या दशकात बर्नार ल्यो यांचा फिल्टर आला, आणि २००४ मध्ये कोरोनाडोच्या ४० मिलिमीटरच्या ‘पीएसटी’मुळे हायड्रोजन-अल्फा सूर्य हौशी निरीक्षकाच्या आवाक्यात आला. आज मिळणाऱ्या बहुतेक हायड्रोजन-अल्फा दुर्बिणींचे हृदय म्हणजे एटालॉन. दोन अत्यंत सपाट काचा समोरासमोर ठेवलेल्या, आतल्या पृष्ठांवर अर्धपारदर्शक परावर्तक लेप, मध्ये साधारण ०.२ मिलिमीटरची फट. या फटीत प्रकाश पुढे-मागे आपटत राहतो आणि व्यतिकरणामुळे दर दहा-अकरा अँगस्ट्रॉमवर एक अरुंद पट्टा तेवढा पार होतो. त्यातला हायड्रोजनचा नेमका पट्टा निवडून बाकीचे अडवण्याचे काम पुढचा ब्लॉकिंग फिल्टर करतो.

ही फट संपूर्ण काचेवर सारखी हवी. ती फक्त ३ नॅनोमीटरने कमी-जास्त झाली, तर तेवढ्या भागातला पट्टा ०.१ अँगस्ट्रॉमने सरकतो. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन दुर्बिणी सारख्या का निघत नाहीत, याचे उत्तर या तीन नॅनोमीटरमध्ये आहे. म्हणूनच परीक्षा मॉडेलची नव्हे, नगाची घ्यावी लागते.

०.७ या आकड्यात काय नसते

खोक्यावर ‘पट्टारुंदी ०.७ अँगस्ट्रॉमहून कमी’ असे लिहिलेले असते. आकडा जितका लहान तितकी दुर्बीण चांगली, असा हिशेब त्यावरून केला जातो. हायड्रोजन-अल्फा रेषाच साधारण १ अँगस्ट्रॉम रुंद आहे, तेव्हा पट्टा त्याहून अरुंद हवा हे बरोबर. पण हा आकडा पट्ट्याच्या अर्ध्या उंचीवरची रुंदी सांगतो. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या पायथ्याबद्दल तो काहीच सांगत नाही. या पायथ्यांतून दीप्तिगोलाचा प्रकाश झिरपतो आणि वर्णगोलाचे बारकावे फिके पाडतो. पट्टा सगळ्या थाळीवर एकाच जागी आहे का, हेही त्या आकड्यातून कळत नाही.

झिरपणारा प्रकाश ओळखण्याची सोपी खूण कडेवर मिळते. एका एटालॉनच्या दुर्बिणीतून कड नीट फोकस करून पाहिली, तर पुष्कळदा दोन कडा दिसतात: आत दीप्तिगोलाची ठसठशीत कड आणि तिच्याबाहेर वर्णगोलाची फिकट झालर. आतली कड जितकी ठळक तितकी गळती जास्त. दुसरा एटालॉन जोडला की पट्टा ०.५ अँगस्ट्रॉमच्या आसपास येतो, त्याहून महत्त्वाचे म्हणजे पायथे छाटले जातात, आणि आतली कड जवळपास नाहीशी होते. थाळी अंधारते, फिलामेंट उठून दिसतात. खर्च मात्र बराच वाढतो आणि प्रॉमिनन्स किंचित मंद होतात.

इथे विक्रीच्या छायाचित्रांबद्दल सावध केले पाहिजे. काळ्या आकाशावर उठलेला प्रॉमिनन्स रुंद पट्ट्यातही सुंदर दिसतो, कारण मागे झाकोळणारे काही नसते. म्हणून नुसत्या प्रॉमिनन्सच्या चित्रावरून फिल्टर चांगला ठरत नाही. परीक्षा घ्यायची ती थाळीवरच्या फिलामेंटची आणि डागांभोवतालच्या बारीक तंतूंची.

पट्टा अरुंद म्हणजे सगळेच चांगले, असेही नाही. या रेषेत १ अँगस्ट्रॉमचे सरकणे म्हणजे सुमारे ४६ किलोमीटर प्रतिसेकंद वेग. आपल्याकडे वेगाने झेपावणारा फिलामेंट अतिशय अरुंद पट्ट्यातून चक्क अदृश्य होऊ शकतो, कारण त्याची रेषा पट्ट्याबाहेर सरकलेली असते. ट्यूनिंग निळ्या बाजूला थोडे हलवले की तो पुन्हा दिसतो. म्हणून ट्यूनिंगला रेषेच्या दोन्ही बाजूंना पुरेशी मोकळीक आहे का, हे तपासणे पट्टारुंदीच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे.

खोट सूर्याची की यंत्राची?

आता सर्वांत उपयोगी परीक्षा. तिला कुठलेही साधन लागत नाही, लागतो तो स्वच्छ सकाळचा अर्धा तास.

पूर्ण थाळी मावेल अशी कमी विवर्धनाची नेत्रिका लावावी, डोक्यावर काळे कापड घ्यावे आणि डोळा स्थिरावू द्यावा. ट्यूनर एका टोकापासून हळूहळू फिरवावा. टोकाला थाळी उजळ, सपाट, जवळपास कोरी दिसते. रेषेजवळ येता येता ती अंधारत जाते, फिलामेंट उमटतात, पृष्ठभाग खरखरीत होतो. थाळी सर्वांत गडद आणि तपशील सर्वांत ठळक होतो ती जागा मनात धरून ट्यूनर पुढे फिरवावा. थाळी पुन्हा उजळली पाहिजे. ती शेवटपर्यंत गडदच होत राहिली आणि ट्यूनर संपला, तर दुर्बीण रेषेच्या मध्यापर्यंत पोहोचतच नाही.

मग मधल्या जागेवर ट्यूनर ठेवून थाळीची चमक पाहावी. सगळीकडे तपशील सारखा आहे का, की मध्यावर ठसठशीत आणि एका बाजूला धुवून निघाल्यासारखा? असे दिसले तर सूर्य दृष्टिक्षेत्रात वर, खाली, डावीकडे, उजवीकडे सरकवावा. फिका भाग सूर्याबरोबर सरकला तर तो सूर्याचा. सूर्य सरकूनही फिका पट्टा क्षेत्राच्या त्याच जागी राहिला, तर तो यंत्राचा. एटालॉन फिरवता येत असेल तर तो थोडा फिरवून पाहावे. पट्टाही फिरला तर गुन्हेगार सापडला.

तपशील ठसठशीत दिसतो त्या भागाला निरीक्षक ‘स्वीट स्पॉट’ म्हणतात. तो थाळीभर न पसरण्याचे कारण कोनांत आहे. एटालॉनमधून प्रकाश तिरका गेला की पट्टा निळ्या बाजूला सरकतो, आणि हे सरकणे कोनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एटालॉन दुर्बिणीच्या तोंडाशी असेल, तर सूर्याच्या कडेचा प्रकाश मध्यापेक्षा पाव अंशाने तिरका येतो आणि पट्टा जेमतेम ०.०७ अँगस्ट्रॉम सरकतो. पण मोठा एटालॉन बनवणे फार खर्चाचे, म्हणून तो लहान करून नळीच्या आत बसवतात. ४० मिलिमीटरच्या वस्तुभिंगामागे २० मिलिमीटरचा एटालॉन असेल, तर कोन दुप्पट होतो आणि सरकणे चौपट, सुमारे ०.२८ अँगस्ट्रॉम. कडेचा तपशील मध्यापेक्षा वेगळा दिसणे मग अटळ असते. हा त्या रचनेचा स्वभाव आहे. थाळी थोडी सरकवून, ट्यूनर किंचित बदलून तिचे भाग क्रमाने पाहिले की काम चालते. हा स्वीट स्पॉट थाळीच्या तुलनेत किती मोठा आहे आणि मध्यावर आहे की एका कोपऱ्यात ढकलला गेला आहे, एवढे मात्र खरेदीपूर्वी पाहिलेच पाहिजे.

याच बैठकीत आणखी तीन गोष्टी उरकाव्यात. थाळीबाहेरचे आकाश काळे आहे का, की लालसर धुके आहे. शेजारी सूर्याची दुसरी मंद प्रतिमा तरंगते का. दोन एटालॉन एकमेकांना तंतोतंत समांतर असले की अशी भुताटकी होते आणि एक किंचित कलवला की ती क्षेत्राबाहेर जाते. आणि ब्लॉकिंग फिल्टर पुरेसा मोठा आहे का. सूर्याची प्रतिमा नाभीय अंतराच्या साधारण १०८ व्या भागाएवढी असते. ५०० मिलिमीटर नाभीय अंतराला ती ४.६ मिलिमीटरची, १००० मिलिमीटरला ९.३ मिलिमीटरची. फिल्टर त्याहून लहान असेल तर थाळी कापली जाणार.

उंची, ऊन आणि पावसाळा

काही खोडी गाव बदलले की उघड होतात. तंबोरा एकदा लावला म्हणजे कायमचा लागला असे होत नाही, तसेच हवेच्या फटीच्या एटालॉनचे आहे. फटीतल्या हवेची घनता बदलली की पट्टा सरकतो. मुंबईहून महाबळेश्वरला, सुमारे १३५० मीटर उंचीवर गेले, की हवेचा दाब जवळपास १५ टक्क्यांनी घटतो आणि पट्टा सुमारे ०.२७ अँगस्ट्रॉम निळ्याकडे जातो. कलवून ट्यून होणाऱ्या एटालॉनची अडचण अशी, की कलवल्यानेही पट्टा निळ्याकडेच जातो, लालकडे परत येत नाही. समुद्रसपाटीवर जेमतेम रेषेवर येणारा नग घाटमाथ्यावर सुरातच येणार नाही. फटीतल्या हवेचा दाब पंपाने बदलण्याची सोय असलेल्या दुर्बिणींत ही अडचण सुटते. त्यांची परीक्षा वेगळी: दाब दिल्यावर तो टिकतो का, की रबरी कडे झिजून हळूहळू सुटतो?

अभ्रकाचा भरीव एटालॉन वापरणारी साधने तापमानावर ट्यून होतात. क्वार्कसारखे उपकरण साध्या अपवर्तक दुर्बिणीला लावता येते ही त्याची मोठी सोय, पण प्रत्येक बदलानंतर पाच-दहा मिनिटे थांबावे लागते. घाईने बटण फिरवत राहणाऱ्याला ते कधीच नीट दिसत नाही. अशा उपकरणात गरम करण्याची सोय असते, थंड करण्याची नसते. विदर्भातल्या मे महिन्यातल्या दुपारी उन्हानेच ते ठरल्या तापमानापलीकडे गेले, तर ट्यूनिंग हातात राहत नाही. पांढऱ्या कापडाची सावली धरणे हा त्यावरचा साधा इलाज.

कोकणातल्या आणि घाटावरच्या पावसाळ्याचा हिशेब परदेशातल्या परीक्षणांत येत नाही. फिल्टरवरचे नाजूक लेप दमटपणाने वर्षानुवर्षे खराब होतात. जुन्या नगांत काही फिल्टरांवर गंजासारखे डाग चढतात, काही निळसर काचा धूसर होतात. चित्र मंद होत जाते, पण इतके हळू की रोज पाहणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही. जुनी दुर्बीण घेताना फिल्टर काढून उजेडासमोर तिरपा धरून पाहावा. दणका बसलेल्या एटालॉनमध्ये काचा धरून ठेवणारा संपर्क सुटलेला असू शकतो, आणि मग कुठल्याही ट्यूनिंगला न जुमानणारा फिका डाग क्षेत्रात दिसतो. हवाबंद डबा आणि सिलिका जेल हा खर्च किरकोळ आहे, तो पहिल्या दिवसापासून करावा.

हवेचा वाटा

कित्येक दुर्बिणी बिनगुन्ह्याच्या बदनाम होतात त्या दुपारी बारा वाजता गच्चीवर लावल्यामुळे. तापलेल्या सिमेंटवरून उठणारी हवा कड थरथरवते आणि सगळे बारकावे पुसते. सूर्य थोडा वर आला आहे, पण जमीन अजून तापलेली नाही, ते सकाळचे दोन-तीन तास सर्वांत चांगले. गवत किंवा पाण्याच्या पलीकडे पाहणे गच्चीपेक्षा केव्हाही बरे. व्यावसायिक वेधशाळाही याच नियमाने चालतात. उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावातल्या बेटावर आहे, कॅलिफोर्नियातील बिग बेअर तलावात बांधलेली आहे. पाणी जमिनीसारखे झटकन तापत नाही, म्हणून वरची हवा शांत राहते. एका दुपारच्या अनुभवावरून कुठल्याही सौरदुर्बिणीबद्दल मत देऊ नये. वेगवेगळ्या सकाळी पाहावे आणि सर्वांत चांगल्या क्षणी काय दिसले ते धरावे.

कॅमेरा लावल्यावर

डोळ्याला समाधान देणारी दुर्बीण कॅमेऱ्याला देईलच असे नाही. एकरंगी प्रकाश असल्यामुळे कॅमेऱ्याच्या चिपेत आणि तिच्यावरच्या काचेत व्यतिकरण होऊन चित्रावर समांतर पट्टे उमटतात, त्यांना न्यूटनची कडी म्हणतात. दोष दुर्बिणीचा नसतो. कॅमेरा किंचित कलवणारा अडॅप्टर लावला की ते जातात. रंगीत चिपेत लाल प्रकाश घेणारे पिक्सेल फक्त एक चतुर्थांश असतात, म्हणून कृष्णधवल कॅमेरा इथे सरस. कॅल्शियम-के रेषेच्या, ३९३.४ नॅनोमीटरच्या दुर्बिणी तर मुख्यतः कॅमेऱ्यासाठीच घ्याव्यात. वयाबरोबर डोळ्याचे भिंग पिवळट होते आणि हा जांभळा प्रकाश बऱ्याच जणांना दिसतच नाही.

अलीकडचा एक आनंदाचा बदलही नोंदवायला हवा. फ्रान्सचे ख्रिस्तियाँ ब्युइल यांनी त्रिमितीय छपाईने घरी बनवता येणारा ‘सोलेक्स’ हा छोटा स्पेक्ट्रोहेलिओग्राफ मांडला. त्यात एटालॉन नाही. सूर्य एका फटीवरून सरकत जातो, कॅमेरा वर्णपट टिपतो आणि संगणक त्यातून हव्या त्या रेषेचे चित्र जुळवतो. पट्टा बहुतेक एटालॉनपेक्षा अरुंद आणि थाळीभर एकसारखा मिळतो. खोड एवढीच, की चित्र एका क्षणाचे नसते. हवा हलली तर कड करवतीसारखी दातेरी येते, आणि नेत्रिकेतून थेट पाहण्याची मजा त्यात नाही. महाविद्यालयीन प्रयोगशाळेसाठी मात्र यासारखे शिकवणारे साधन दुसरे नाही.

मोठ्यांच्याही खोडी

हौशी दुर्बिणींच्या दोषांनी निराश होणाऱ्यांनी मोठ्या यंत्रांचा इतिहास जरूर वाचावा. टेनेरिफवरची १.५ मीटरची ‘ग्रेगोर’ ही युरोपातली सर्वांत मोठी सौरदुर्बीण २०१२ मध्ये सुरू झाली. तिच्या प्रकाशमार्गातील आरशांमुळे कोमा आणि दृष्टिवैषम्य हे दोष चित्रात येत होते. शेवटी ते आरसे बदलून रचना नव्याने आखावी लागली, आणि २०२० मध्ये सूर्यावरचे ५० किलोमीटरपर्यंतचे तपशील दिसू लागल्याचे जाहीर झाले. २००६ मध्ये अवकाशात गेलेल्या जपानच्या ‘हिनोदे’वरील दुर्बीण अप्रतिम होती, पण तिच्या ट्यून होणाऱ्या फिल्टरमधल्या द्रवात हवेचे बुडबुडे झाले आणि चित्राचा काही भाग बिघडला. अवकाशात जाऊन दुरुस्ती शक्य नव्हती. शास्त्रज्ञांनी बुडबुड्यांच्या जागा ओळखून, ते कमीत कमी आड येतील अशा रीतीने फिल्टर वापरून काम चालू ठेवले.

हवाईतील ४ मीटरच्या डॅनियल इनोये दुर्बिणीत सुमारे १३ किलोवॉट सौरशक्ती एकवटते. तिथे गुणवत्तेचा मोठा भाग म्हणजे ही उष्णता काढून टाकण्याची व्यवस्था. पुण्याच्या आयुकाच्या नेतृत्वाखाली बनलेली, ‘आदित्य-एल१’वरची ‘सूट’ ही दुर्बीण २०० ते ४०० नॅनोमीटर या अतिनील पट्ट्यात ११ फिल्टरांतून सूर्य पाहते. अतिनील प्रकाशात आरशावरचा रेणूंचा पातळ थरही चित्र मंद करतो, म्हणून अशा यंत्राची जुळणी अतिस्वच्छ कक्षात करावी लागते. दोष टाळायचा, मोजायचा आणि उरला तर हिशेबात धरायचा, ही शिस्त सगळीकडे एकच आहे.

ती शिस्त किती मोलाची, हे कोडाईकनालने दाखवले. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या या वेधशाळेत जॉन एव्हरशेड यांनी जानेवारी १९०९ मध्ये डागाच्या झालरीतून वायू बाहेरच्या दिशेने वाहतो हे शोधले. असे प्रवाह सेकंदाला काही किलोमीटरचे असतात. वर सांगितलेल्या छोट्या एटालॉनमधले ०.२८ अँगस्ट्रॉमचे सरकणे वेगात मोजले तर सेकंदाला सुमारे १३ किलोमीटर होते. यंत्राची खोड माहीत नसेल, तर ती सूर्याचा वेग समजून आपण फसू. कोडाईकनालमध्ये विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून दीर्घकाळ सूर्याची छायाचित्रे घेतली गेली. या प्लेटांचा दर्जा सर्व काळ सारखा नाही. कॉन्ट्रास्ट बदलला, परिस्थिती बदलली. तरीही त्यांचे डिजिटल रूपांतर करून शंभर वर्षांच्या सौरक्रियेचा अभ्यास होऊ शकतो, कारण एकाच ठिकाणी सातत्याने निरीक्षण झाले आणि बदल ओळखून दुरुस्त करण्याची खटपट संशोधकांनी केली.

मग घ्यावी कोणती?

शाळेसाठी पहिली खरेदी म्हणून चांगली फिल्म आणि ८० ते १०० मिलिमीटरची साधी अपवर्तक दुर्बीण घ्यावी, असे मी निःसंकोच सांगेन. ती कमी खर्चात डाग आणि त्यांचे रोजचे सरकणे दाखवते आणि बिघडण्यासारखे तिच्यात फारसे काही नाही. मंडळाला हायड्रोजन-अल्फा हवी असेल तर छिद्र वाढवण्याच्या मोहात न पडता एकसारखी थाळी आणि दोन्ही बाजूंना पुरेसे ट्यूनिंग असलेला नग घ्यावा. ६० मिलिमीटरचा उत्तम एटालॉन १०० मिलिमीटरच्या डागाळलेल्या एटालॉनपेक्षा रोज अधिक काही दाखवेल. परत करण्याची मुदत आधीच विचारून घ्यावी आणि त्या मुदतीत वरच्या सगळ्या परीक्षा स्वच्छ सकाळी उरकाव्यात.

त्यानंतर दुर्बिणीबरोबर एक वही ठेवावी. तारीख, वेळ, हवा कशी होती, ट्यूनर कुठल्या खुणेवर होता, स्वीट स्पॉट कुठे होता, ठरावीक एक्स्पोजरला थाळीची चमक किती आली, एवढे दर वेळी लिहावे. दोन पावसाळे गेल्यावर फिल्टर मंदावतो आहे का, हे आठवणीवरून सांगता येत नाही, नोंदीवरून येते. नव्या विद्यार्थ्याच्या हाती दुर्बीण देताना ही वहीही द्यावी, म्हणजे समोर दिसणाऱ्या पट्ट्याला तो सौरवादळ समजणार नाही, आणि खरेच काही घडले तर ते यंत्राचे नाही हे ठामपणे सांगू शकेल. महाराष्ट्रातल्या मंडळांनी आपापल्या दुर्बिणींच्या अशा नोंदी एकमेकांना दाखवल्या, तर पुढच्या खरेदीदाराला खोक्यावरच्या आकड्यांवर विसंबावे लागणार नाही.